‘शांत राहा’ म्हणावं, ‘दम धरा’ म्हणावं, की ‘दमानं’?

पंचवटीकर (धागा सुरू करताना)

मंडळी, एका शब्दाबद्दल तुमचं मत हवं आहे.

नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलाय. आमच्या भागातल्या काही मंडळांनी मिळून स्वयंसेवकांसाठी एक कागद करायला घेतलाय. पर्वणीच्या दिवशी गल्लीबोळातून रामकुंडाकडे जाणाऱ्या लोकांना भोंग्यावरून काय सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं, याचा तो कागद. मराठी मजकूर माझ्याकडे आहे. कच्चा मसुदा कॉलेजच्या मुलांनी केला. त्यात दर दुसऱ्या ओळीला ‘कृपया शांतता राखा’, ‘शांत राहा’, ‘घाबरून जाऊ नका’. मराठी शुद्ध आहे, नम्र आहे. पण आमच्या वाड्यातल्या एका आजींना वाचून दाखवलं तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, “शांत राहा काय? शांतच आहेत की बिचारे. हातात पिशवी, काखेत पोर, चाललेत गुमान. त्यांना ‘दमानं चला’ म्हणा.”

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. ‘शांत’ आणि ‘दमानं’ यांत नेमका फरक काय? मला असं दिसतं की ‘शांत राहा’ हे माणसाच्या मनाला सांगितलेलं आहे, आणि ‘दमानं चला’ त्याच्या पायांना. पण हे मला वाटतं म्हणून उपयोग नाही. तुमच्या घरात, शेतावर, कारखान्यात ‘दम’ कसा वापरतात ते सांगा. ‘दम धर’, ‘दम खा’, ‘दम काढ’, ‘दमानं घे’ हे सगळं तुम्ही एकाच अर्थानं म्हणता का? आणि भोंग्यावरून ‘दम’ ऐकल्यावर कुणाला दरडावल्यासारखं वाटेल का?

हे एवढं लावून धरण्याचं कारण नाशिककरांना सांगायला नको. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडे उतरणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. नुसत्या शब्दांनी गर्दी आवरत नाही, त्याला रस्ते, कठडे आणि नीट आखणी लागते, हे मान्य. पण शब्द आमच्या हातात आहे, तर तो तरी नीट निवडू.

सातपूरकर

माझा पहिला विरोध नोंदवून ठेवतो. ‘दम’ म्हटलं की माझ्या कानात ‘दम दिला’, ‘दम भरला’, ‘दमदाटी’, ‘दमबाजी’ वाजतं. आयुष्य औद्योगिक वसाहतीत गेलं. तिथे ‘साहेबांनी दम दिला’ हे वाक्य रोजचं. त्यात भोंग्यावरचा आवाज तसाही चढाच लागतो. दुरून आलेल्या माणसाच्या कानावर अर्धवट ‘दम’ पडला तर त्याला वाटेल आपल्यावर कुणीतरी खेकसतंय.

शिवाय हा सार्वजनिक कार्यक्रम आहे. तिथे भाषा जरा नेटकी असावी. ‘संयम बाळगा’ का नको? अर्थ तोच, आणि सगळ्यांना कळतो.

पोथीवाचक

पंचवटीकरताई, तुम्ही मनाचं आणि पायाचं जे म्हणालात ते अगदी जुन्या ठिकाणी जाऊन पोचतं. म्हणून सविस्तर लिहितो.

मराठीतल्या ‘दम’मध्ये दोन वेगळे शब्द एकत्र नांदतात. एक संस्कृत, ‘दम्’ धातूपासून आलेला: काबूत आणणं, आवरणं. दमन त्यातलाच. दुसरा फारसीतून आलेला: श्वास, आणि श्वासाएवढा वेळ, म्हणजे क्षण. दिसायला, उच्चारायला दोन्ही सारखे. शतकानुशतकं एकाच तोंडात राहिल्यावर ते एकमेकांत मिसळले.

आधी संस्कृत बाजू. गीतेच्या अठराव्या अध्यायात ४२ वा श्लोक आहे, ‘शमो दमस्तपः शौचं’. तिथे शम आणि दम शेजारी शेजारी बसलेत. शम म्हणजे अंतःकरण निवणं, दम म्हणजे इंद्रियं आवरणं. वेदान्तातल्या सहा संपत्तींतही हीच जोडी पहिली येते: शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, समाधान. ‘शांत’ हा शब्द या शम्‌पासूनच आला. दम्‌पासून ‘दान्त’ होतो, तो मराठीत राहिला नाही, पण बृहदारण्यकात ‘शान्तो दान्त’ असे दोघे हातात हात घालून येतात. म्हणजे शांत हा आतला, दान्त हा बाहेरचा. तुमच्या आजींनी नेमकी हीच रेघ ओढली.

त्याच उपनिषदात पाचव्या अध्यायात प्रजापतीची गोष्ट आहे. देव, माणसं आणि असुर शिकायला येतात. तो तिघांनाही एकच अक्षर सांगतो, ‘द’. देवांनी त्याचा अर्थ घेतला दाम्यत, स्वतःला आवरा. माणसांनी घेतला दत्त, द्या. असुरांनी घेतला दयध्वम्, दया करा. एकच ध्वनी, आणि ज्याला जे कमी त्यानं ते ऐकलं. सातपूरकरकाकांना ‘दम’मध्ये दटावणी ऐकू येते आणि आजींना धीर, तेही असंच आहे.

आता फारसी बाजू, आणि बोली मराठीत हीच जास्त जागी आहे. ‘एका दमात पाणी प्यायला’, ‘दम लागला’, ‘दमछाक’, ‘दमा’, गवयाचा ‘दमसास’, हे सगळे श्वासाचे शब्द. ‘दम खा’ म्हणजे श्वास घे, थोडी विश्रांती घे. ‘दम धर’ म्हणजे श्वास धरून ठेवण्याएवढा वेळ थांब. ‘दमानं’ ही सरळ तृतीया आहे: श्वासाच्या बेतानं, दम लागणार नाही अशा चालीनं. आणि ‘दमणे’ या क्रियापदात दोन्ही झऱ्यांचं पाणी आहे असं माझं मत आहे. दमलेला माणूस धापाही टाकतो आणि काबूतही येतो.

एक तक्रार जाता जाता. हल्ली बातम्यांत ‘जखमीने दम तोडला’ असं सर्रास येतं. ते हिंदीतून उचललंय. मराठी माणूस प्राण सोडतो.

दिंडोरी_बाग

आमच्याकडं दिवसातनं शंभरदा ‘दमानं’ होतं. द्राक्षाची विरळणी कधी बघितली असेल तर कळेल. घड हातात घ्यायचा, तळहातावर नुसता टेकवायचा, बारीक टोकाच्या कात्रीनं आतले मणी काढायचे म्हणजे राहिलेल्यांना फुगायला जागा होते. कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागलं की तो मणी डागला. तो पुढं सडतो आणि आख्खा घड नासवतो. मजुरी घडावर ठरलेली असली की बायांचा हात पळतो. तेव्हा मुकादम बाई ओळीतनं फिरत एकच म्हणते, “दमानं गं, दमानं.” ती कधीही ‘शांत राहा’ म्हणत नाही. बाया चिडलेल्या नसतातच. त्यांचा फक्त वेग जास्त झालेला असतो.

मला वाटतं मुद्दा हा आहे. ‘दमानं’ म्हटलं तर काम थांबत नाही. काम चालूच राहतं, चाल बदलते. दमानं खा, दमानं बोल, दमानं गाडी चालव. ‘दमानं’च्या पुढं कुठलं ना कुठलं काम असतंच, नसलं तर आपण ‘घे’ लावतो, दमानं घे.

आणि ‘दम धर’ त्याच्या उलट. तिथं काम थांबतं. पाण्याचा टँकर येतोय, दम धर. बैल होते तेव्हा वडील चढ चढून आल्यावर म्हणायचे, “जनावराला दम खाऊ दे.” औत उभं राहायचं.

सातपूरकर काका, ‘संयम बाळगा’ आम्ही फक्त बँकेच्या पाटीवर वाचलंय. घरात कोणी कोणाला तसं म्हणत नाही.

सातपूरकर

दिंडोरीकर, तुमचं ‘काम चालू, चाल बदलली’ पटलं. कारखान्यात लेथवर नवीन पोरगा आला की आम्हीही ‘दमानं घे’ म्हणायचो, ते आत्ता आठवलं. पण दरडावणीचा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. ‘दम दे’, ‘दम भर’ हे आलं कुठून मग?

पोथीवाचक

काका, क्रियापद बघा. दम देतो, दम भरतो तो समोरचा. दम धरतो, खातो, घेतो, टाकतो, काढतो तो आपण स्वतः. दुसऱ्यानं दिला की धाक, आपण घेतला की विसावा. मराठी माणसाच्या कानाला हा फरक क्रियापदावरून लगेच कळतो. म्हणून भोंग्यावर नुसतं ‘दम’ कधी सोडू नये, त्याला ‘धरा’ घट्ट चिकटलेलं हवं. ‘दमानं’ला तर ही भीतीच नाही. त्या रूपात दटावणीचा अर्थ येतच नाही.

वॉर्डातली_ताई

मी परिचारिका आहे. गर्दीच्या बंदोबस्ताला वैद्यकीय पथकात जाते, म्हणून लिहिते.

दम्याचा झटका आलेल्या माणसाला नातेवाईक सारखे ‘शांत हो, शांत हो’ म्हणत असतात. त्याला श्वास मिळत नाहीये, तो शांत कसा होईल? ऐकून तो अजून घाबरतो, कारण सांगितलेलं त्याला जमत नाही. आम्ही पलंगाशी टेकतो, त्याला पुढे झुकवून बसवतो आणि म्हणतो, “ओठ शीळ घातल्यासारखे करा आणि हळूहळू हवा सोडा. सोडा… अजून सोडा.” औषध आपलं काम करतंच, पण त्या दोन मिनिटांत त्याला करण्यासारखं काहीतरी मिळतं. श्वास बाहेर सोडायला जास्त वेळ दिला की छातीतली अडकलेली हवा निघते, आणि मनही मागोमाग खाली येतं. आधी शरीर, मग मन.

बाळंतिणीच्या खोलीत तर ‘शांत राहा’ हा शब्दच नाही. तिथे ‘कळ काढ’ आहे. जुन्या दाया, मावश्या पाठीवरून हात फिरवत म्हणतात, “एवढी कळ काढ गं बाई, झालंच.” कळ म्हणजे वेणा. ती सोसून काढायची, ती जाणार आहे, हे त्या दोन शब्दांत आहे. नंतर तोच शब्द घराघरांत कुठल्याही वाट बघण्याला लागला. “जरा कळ काढ, चहा होतोय.” पंचवटीकरताई, भोंग्यावर हा शब्द घेऊ नका, पण स्वयंसेवकांच्या तोंडी असू द्या. रांगेत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या बाईला “मावशी, थोडी कळ काढा, पुढची तुकडी तुमचीच” म्हटलं की तिचा चेहरा बदलतो.

आता गर्दीचं. हे कटू आहे, पण सांगते. चेंगराचेंगरीत पायाखाली तुडवून माणसं मरतात असा समज आहे. पुष्कळदा तसं नसतं. चारी बाजूंनी दाब इतका येतो की छाती फुलायला जागाच राहत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाच्या वर माणसं झाली की धोका सुरू होतो. तिथे माणूस स्वतःच्या मर्जीनं चालतच नाही, गर्दी त्याला नेते. अशा वेळी दोन्ही हात छातीसमोर आडवे धरायचे, म्हणजे पुढे थोडी पोकळी राहते. पाय जमिनीवर ठेवायचे. ढकलायचं नाही. आणि ओरडायचं नाही, कारण ओरडण्यात श्वास जातो. शर्यतीत पळणारा म्हणतो ना, दम राखून ठेव. तिथे दम राखणं म्हणजे अक्षरशः जीव राखणं. ‘घाबरून जाऊ नका’ मात्र कागदावरून काढाच. ज्याच्या मनात भीती नव्हती त्यालाही ते ऐकून वाटतं की घाबरण्यासारखं काहीतरी झालंय.

हुतूतू

‘दम राखणे’ वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना. आमच्या मैदानावर ‘दम’ हा खेळाचा अधिकृत शब्द आहे. चढाई करणारा एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहतो, त्यालाच दम म्हणतात. दम तुटला की चढाई संपली, मग तुम्ही कितीही गडी मारलेले असोत. आता एका चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे, पूर्वी श्वास हीच मर्यादा होती.

नव्या पोरांना मी पहिली शिकवतो ती गोष्ट हीच. मोठ्यानं ओरडत आत गेलास तर निम्म्या वेळात रिकामा होशील. आवाज खालचा, लय एकसारखी, खांदे सैल. सात गडी कोंडाळं करून उभे असताना ज्याचा दम एकसारखा असतो त्याला फट दिसते. ज्याचा फुटला त्याला समोरचा माणूसच दिसत नाही. मी ‘डोकं शांत ठेव’ असं सांगत बसत नाही. “दम सांभाळ” म्हणतो, डोकं आपोआप जागेवर येतं.

मालेगाववाली

मला एक विचारायचंय. दमडीचा याच्याशी संबंध आहे का?

पोथीवाचक

दमडीचा नाही. ती ‘दाम’च्या घरातली. दाम आला संस्कृत द्रम्मपासून आणि द्रम्म आला ग्रीकांच्या द्राख्म या नाण्यावरून. दमबिर्याणीतला दम मात्र आपलाच: भांड्याचं तोंड कणकेनं बंद करून आतल्या वाफेवर सावकाश शिजवणं. आणि विदर्भाची दमयंती संस्कृत दम्‌ची. महाभारतात कथा आहे की दमन ऋषींच्या वरानं भीमराजाला मुलं झाली, म्हणून नावं ठेवली दमयंती, दम, दान्त आणि दमन. एका घरात एकाच धातूची चार रूपं.

त्र्यंबकची_सून

‘शांत’बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. त्र्यंबकेश्वरात ‘शांत’ हे पहिल्यांदा नाम आहे, मग विशेषण. वास्तुशांत, ग्रहशांत, जननशांत. देशभरातून माणसं इथे शांत करायला येतात. यजमान विचारतो, “गुरुजी, शांत कधी धरायची?” त्यात स्वभावाचा काही संबंध नाही, तो विधी आहे. काहीतरी प्रकुपित झालंय, ते निववायचं आहे.

आणि दुसरा वापर दिव्याचा. आमच्या सासूबाई ‘दिवा विझला’ कधी म्हणू देत नाहीत. दिवा शांत झाला म्हणायचं. त्यामुळे माणसाला ‘शांत हो’ म्हणताना माझ्या मनात दोन्ही छटा येतात. एक, तुझ्यात काहीतरी पेटलंय. दोन, ते आता थांबव. भांडणाऱ्याला हे म्हणणं रास्त आहे. पण निमूट चालणाऱ्या वारकऱ्याला, यात्रेकरूला ‘शांत राहा’ म्हटलं तर त्याला उगीच आरोप केल्यासारखं होतं. आजींचा राग तिथला असावा.

टाकळीचा_वाटसरू

त्र्यंबकच्या ताईंनी ‘उगीच’ लिहिलं त्यावरून सुचलं. तान्ह्या बाळाला आपण काय म्हणतो? ‘शांत’ नाही, ‘गप’ नाही. “उगी, उगी.” जुन्या मराठीत ‘उगा’ म्हणजे निमूट, स्तब्ध, काही न करता. संतवाङ्मयात ‘उगा राहे’ असं जागोजाग आहे. मोठ्यांच्या भाषेत तो पुढे ‘विनाकारण’ या अर्थाकडे सरकला, उगा, उगाच, उगीच. जुना अर्थ उरला तो फक्त पाळण्याशी. मी राहतो त्या टाकळीत समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं असं परंपरा सांगते. त्या काळात बोललं जाणारं ‘उगा’ आज फक्त आई बाळाला म्हणते, हे मला फार जवळचं वाटतं.

उपयोगाचा मुद्दा असा. हरवलेलं पोर सापडल्यावर स्वयंसेवक त्याला “रडू नको, शांत बस” म्हणतात. त्यानं पोर अजून बिचकतं. “उगी बाळा, आई येतेय” एवढंच म्हणा. मराठी घरातल्या पोराच्या कानाला ते ओळखीचं असतं.

सिन्नर_नाका

सबुरीचं कुणी बोललंच नाही अजून? आमच्या दारावरून शिर्डीच्या पालख्या जातात. ‘श्रद्धा आणि सबुरी’ साईबाबांचं, सगळ्यांना पाठ. मूळ अरबी ‘सब्र’, फारसीतून ‘सबूरी’. रामकुंडावर येणाऱ्यांतले कितीतरी लोक तसेच पुढे शिर्डीला जाणार. त्यांना ‘सबुरीनं चला’ नाही का कळणार? आणि हा शब्द हिंदीवाल्यांनाही ओळखीचा.

दिंडोरी_बाग

सबुरी लांब पल्ल्याची असते. पावसाची वाट बघताना सबुरी, कांद्याला लासलगावात भाव येईपर्यंत सबुरी. पायरी उतरताना सबुरी म्हटलं तर वाटतं वर्षभर उतरायचंय. दम घडीभराचा असतो. पोथीवाचक म्हणाले तसं, श्वासाएवढा वेळ.

मालेगाववाली

आणि निवांत? त्याचं नातं ‘निवात’शी जोडतात, वारा नसलेली जागा. गीतेत सहाव्या अध्यायात निवात जागच्या दिव्याची उपमा आहे ती हीच. पण आता निवांतमध्ये सुट्टी आलीय. “निवांत या” म्हणजे जेवायलाच या. गर्दीत ‘निवांत चला’ म्हटलं तर लोक रमतगमत फोटो काढत उभे राहतील आणि मागचे खोळंबतील.

वॉर्डातली_ताई

मालेगाववालीताईंनी फार महत्त्वाचं लिहिलं, मागचे खोळंबतील. सूचना लिहिताना हे धरून चला की पुढच्यांना मागचं दिसत नाही आणि मागच्यांना पुढचं. दाब नेहमी मागून येतो. मागचा माणूस एक पाऊल टाकतो, त्याला वाटतं पुढे जागा झाली. पुढच्याला मात्र जागाच नसते. म्हणून पुढे उभ्या असलेल्यांना कितीही ‘शांत राहा’ सांगितलं तरी काही होत नाही. त्यांच्या हातात काही नसतं. थांबवायचं असतं मागच्यांना, आणि तेही लांबवर, गल्लीच्या तोंडाशी. पुढच्यांना फक्त सावकाश चालतं ठेवायचं असतं. दोघांना एकच वाक्य देऊ नका.

पंचवटीकर

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत की मजकूर अक्षरशः तुम्हीच केलात. ताईंचं शेवटचं आणि दिंडोरीकरांचं पहिलं एकत्र वाचलं आणि एकदम रस्ता दिसला. दम धरणं म्हणजे थांबणं, दमानं म्हणजे चालतं राहणं. मग मागच्यांना ‘दम धरा’ आणि पुढच्यांना ‘दमानं चला’. दोन जागा, दोन रूपं.

आत्तापर्यंत असं लिहिलंय. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भोंग्यासाठी: “माउली, जरा दम धरा. पुढची तुकडी पाण्याबाहेर येतेय. दहा मिनिटांनी आपण निघू.” पायऱ्यांजवळच्या भोंग्यासाठी: “दमानं चला, दमानं. पायरी ओली आहे. डावीकडून उतरा, उजवीकडून वर या.” मध्ये दाटी झालीच तर: “जागेवर उभे राहा. हात छातीसमोर घ्या. ओरडू नका, दम राखा. मागची गर्दी थांबवली आहे.” हे शेवटचं वाक्य खरंच मागची गर्दी थांबवल्यावरच म्हणायचं, असं मी कंसात ठळक लिहिलंय. दहा मिनिटंही खरी हवीत. नाहीतर पुढच्या वेळी आपल्या ‘दम धरा’ला कोण दाद देणार?

हरवलेल्या मुलांच्या कक्षातल्या मुलींना ‘उगी’ सांगितलंय. ‘कळ काढा’ रांगेतल्या स्वयंसेवकांसाठी. ‘शांतता राखा’ एकाच ठिकाणी ठेवलंय, आरतीच्या वेळी. तिथे खरोखर शांतताच हवी असते.

सातपूरकर

‘दम धरा’च्या आधी ‘माउली’ आलं आणि माझी हरकत मिटली. माउली म्हणून हाक मारल्यावर दम दिला असं कुणालाच वाटणार नाही. एक सुचवतो. भोंग्यावर बोलणारा जो कोणी असेल त्याला हुतूतू मैदानात शिकवतात तसं शिकवा: आवाज खालचा, लय एकसारखी. धापा टाकत ‘दमानं चला’ म्हटलं तर ऐकणारे पळतील.

हुतूतू

शिकवायला येतो मी. कधी, कुठे ते कळवा. बोलणाऱ्याला वाक्य तोंडपाठ असायला हवं, कागद बघून वाचलं की लय तुटते. एका वाक्याला एक दम, मध्ये तोडायचं नाही, आणि दोन वाक्यांत ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला फट ठेवायची. दोघं जोडीनं बसवा, एक थकला की दुसऱ्यानं घ्यायचं.

मालेगाववाली

हिंदीचं काय ठरलं? ‘दम’ जसाच्या तसा नेऊ नका. हिंदी भाविकाला ‘दम’ म्हटलं की ताकद नाहीतर गुदमरणं आठवेल. तिथे ‘आराम से चलिए’ आणि ‘ज़रा रुकिए’ पुरे. ‘धैर्य बनाए रखें’ हे आपल्या ‘संयम बाळगा’सारखं, पाटीवरचं.

त्र्यंबकची_सून

गुजरातीही हवं. आमच्याकडे सुरत, वलसाडकडून गाड्याच्या गाड्या येतात. आणि तिथे गंमत आहे, गुजरातीत ‘शांति राखो’ हे रोजच्या बोलण्यातलं आहे, घाई करू नका याच अर्थानं. मराठीत जे टोचतं ते तिकडे चालतं. चालायला ‘धीमे धीमे चालो’. आमच्या शेजारी एक गुजराती कुटुंब आहे, त्यांच्याकडून पुढच्या आठवड्यात दोन्ही भोंग्यांची वाक्यं नीट लिहून घेते आणि इथेच टाकते. पंचवटीकरताई, तोपर्यंत छपाईला देऊ नका.